उद्योगपथ : बनविणारा हात आणि बसविणारा हात

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशाची धावपळ सुरू झाली की आपल्या घराघरांतून एकच चर्चा ऐकू येते. मुलाला पेढीवर बसवावे की बाहेर शिकू द्यावे? मुलीने विज्ञान शाखा घेतली, पण वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला, तर आता पुढे काय? अशा वेळी डॉक्टर, इंजिनिअर आणि चार्टर्ड अकाउंटंट यांच्यापलीकडे आपली दृष्टी सहसा जात नाही. दृष्टीआड राहिलेल्या अशा एखाद्या व्यवसायाची ओळख वाचकांस करून द्यावी, हा या सदराचा हेतू आहे. या वेळी विषय घेतला आहे दातांची कवळी घडविणाऱ्या कारागिराचा. दवाखान्यात त्याला ‘टेक्निशियन’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो ‘डेंटल मेकॅनिक’ होय.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजोबांची किंवा आजींची कवळी रात्री पाण्याच्या वाटीत ठेवलेली असते. ती कोणी बसविली हे सर्वांना ठाऊक असते. गिरगावातील अमुक डॉक्टर किंवा दादरचे तमुक डॉक्टर, असे नाव कृतज्ञतेने घेतले जाते. ती घडविली कोणी, हे मात्र ना आजोबांना ठाऊक असते, ना घरातील इतर कोणाला. वस्तुतः पारण्याला मुगाचे पाणी घेणारे आजोबा दुसऱ्या दिवशी खाखरा चावू शकतील की नाही, हे डॉक्टरांच्या हातावर जितके अवलंबून असते, तितकेच या अज्ञात कारागिराच्या हातावरही असते.

या व्यवसायाचा पाया आपल्या देशात १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने घातला. कवळी आणि दातांची इतर उपकरणे जो तयार करतो किंवा दुरुस्त करतो तो डेंटल मेकॅनिक, अशी व्याख्या त्या कायद्यात आहे. ‘तयार करतो’ आणि ‘दुरुस्त करतो’ एवढीच क्रियापदे तेथे आहेत, हे ध्यानात घ्यावे. रुग्णाचे तोंड तपासणे, माप घेणे आणि तयार कवळी तोंडात बसविणे हे काम दंतवैद्याचे. आपल्याकडे बनविणारा हात वेगळा आणि बसविणारा हात वेगळा.

सर्व देशांत असे नाही. कॅनडामध्ये ‘डेंच्युरिस्ट’ नावाचा स्वतंत्र परवानाधारक व्यावसायिक असतो. तो रुग्णाचे माप स्वतः घेतो, कवळी स्वतः बनवितो आणि स्वतःच बसवितो. इंग्लंडमध्येही अधिक शिक्षण घेतलेल्या क्लिनिकल डेंटल टेक्निशियनला, तोंडात एकही दात न उरलेल्या रुग्णाला थेट कवळी देण्याची मुभा आहे. काही दात शिल्लक असतील तर मात्र आधी दंतवैद्याची तपासणी आणि लेखी सूचना लागते. परदेशी नातेवाइकांकडून अशा व्यवसायाची वर्णने ऐकून आपल्या मुलांच्या मनात गैरसमज होऊ नये, म्हणून हा भेद आरंभीच सांगितला. भारतात या वाटेने जाणाऱ्या तरुणाने आपले स्थान कामाच्या मेजापाशी आहे हे समजून-उमजूनच पाऊल टाकावे.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. दंतवैद्य रुग्णाच्या हिरड्यांचा ठसा घेतात आणि तो प्रयोगशाळेकडे, म्हणजे लॅबकडे पाठवितात. टेक्निशियन त्या ठशात प्लास्टर ओतून जबड्याची प्रतिकृती काढतो आणि तिच्यावर त्या एकाच रुग्णाच्या मापाचा ट्रे बनवितो. त्या ट्रेने दंतवैद्य दुसरा, अधिक अचूक ठसा घेतात. त्यावरून कठीण डेंटल स्टोनची अंतिम प्रतिकृती तयार होते आणि तिच्यावर मेणाचा बांध घालून तो पुन्हा दवाखान्यात जातो. वरचा व खालचा जबडा किती अंतरावर आणि कोणत्या स्थितीत मिटतो, याची नोंद दंतवैद्य त्या मेणावर करतात. ती नोंद परत आली की दोन्ही प्रतिकृती ‘आर्टिक्युलेटर’ नावाच्या बिजागरीच्या यंत्रावर चढविल्या जातात. माणसाचा जबडा जसा उघडतो आणि मिटतो, तशी हालचाल हे यंत्र करते.

त्यानंतर दात मांडण्याचे काम येते आणि कारागिराची खरी परीक्षा येथेच होते. पूर्ण कवळीत सामान्यतः वर चौदा आणि खाली चौदा असे २८ दात असतात. अक्कलदाढा लावीत नाहीत. दातांचा रंग निवडण्यासाठी जी छटांची पट्टी सर्वत्र प्रचलित आहे तिच्यावर १६ छटा असतात. सत्तर वर्षांच्या गृहस्थांना विशीतील शुभ्र दात बसविले तर चेहरा परका दिसतो. समोरचे दात किंचित पुढे आले तर ओठ फुगतात, मागे गेले तर ओठ बसलेले दिसतात. ‘व’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, आणि ‘स’ उच्चारताना वरच्या व खालच्या दातांत अगदी थोडी फट राहते. म्हणून दात मेणात असतानाच दंतवैद्य ते रुग्णाच्या तोंडात ठेवून पाहतात आणि त्याला आकडे मोजावयास लावतात. उच्चार अडखळला तर दात पुन्हा हलविता येतात. पुढची पायरी ओलांडल्यावर ती सोय राहत नाही.

ती पायरी म्हणजे मेणाच्या जागी ॲक्रिलिक भरणे. मेणाची कवळी धातूच्या डबीत प्लास्टरमध्ये पुरतात आणि गरम पाण्याने मेण वितळवून काढतात. उरलेल्या पोकळीत ॲक्रिलिकची भुकटी आणि द्रव यांचा कणकेसारखा मळलेला गोळा दाबून भरतात. भुकटी तीन भाग आणि द्रव एक भाग हे त्याचे प्रमाण. मग डबी पाण्यात तापवितात. एक प्रचलित पद्धत ७४ अंश सेल्सिअसवर सुमारे आठ तास ठेवण्याची आहे. दुसरीत ७४ अंशांवर दोन तास आणि मग उकळत्या पाण्यात एक तास ठेवतात. हा द्रव पाण्याप्रमाणेच शंभर अंशांच्या आसपास उकळतो. घाई करून एकदम उष्णता दिली तर त्याचे बुडबुडे कवळीच्या पोटात राहतात. वरून पॉलिश केलेली कवळी चकचकीत दिसते, पण आत सच्छिद्र राहते. तिला वास धरतो आणि एके दिवशी ती जेवताना मोडते. ती घाई गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना दिसत नाही. ती केली की नाही, हे केवळ करणाऱ्यालाच ठाऊक असते.

सराफीच्या घरांतील वाचकांना या वर्णनात काहीतरी ओळखीचे वाटले असेल. मेणाचा नमुना करावयाचा, तो साच्यात पुरावयाचा, मेण जाळून पोकळीत धातू ओतावयाचा, ही ओतकामाची रीत झवेरी बाजारातील कारखान्यांना परिचित आहे. दातावर बसविण्याची धातूची कॅपही याच रीतीने होते. सोन्याच्या ओतकामाची ही जुनी विद्या दंतकामात अचूकपणे वापरण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. विल्यम टॅगार्ट यांनी १९०७ साली मांडली आणि दंतशास्त्रात तेव्हापासून ती रूढ झाली. आणखी एक नाते पाहा. बाजारात ज्याला ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात तो खडा झिर्कोनियाचा असतो. आज दातांच्या पांढऱ्या, मजबूत कॅप ज्या पदार्थाच्या बनतात तोही झिर्कोनियाच, फक्त त्याची स्फटिकरचना वेगळी. दागिन्यांचे नमुने संगणकावर काढणाऱ्या तरुणाला दातांचे नमुने काढणे फार दूरचे वाटणार नाही. स्कॅनर, मिलिंग यंत्र आणि थ्री-डी प्रिंटर आता दंतलॅबमध्येही आले आहेत. मात्र दात कोठे आणि कसा असावा याचे ज्ञान ज्याला आधी झाले आहे, त्यालाच संगणकाचा उपयोग होतो.

हे ज्ञान मिळविण्याचा राजमार्ग म्हणजे डेंटल मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेऊन बारावी उत्तीर्ण व्हावे लागते. दात व जबड्याची रचना, दंतसाहित्याचे गुणधर्म, धातुशास्त्राची तोंडओळख आणि प्रत्यक्ष कवळी, कॅप व दात सरळ करण्याची उपकरणे घडविण्याचा सराव, असा त्याचा आशय असतो. अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर राज्य दंत परिषदेकडे नोंदणी करावयाची असते. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला आहे. म्हणून प्रवेशाच्या वर्षी मान्यता आणि नोंदणी यांचे नियम काय आहेत, हे लेखी विचारून घ्यावे. दक्षिण व मध्य मुंबईतील मुलांना चौकशीसाठी दूर जावयास नको. मुंबई सेंट्रल येथील महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय १९३३ पासूनचे आहे, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. लालबाग, परळ, दादर वा गिरगाव, कोठूनही ही दोन्ही ठिकाणे हाकेच्या अंतरावर आहेत. कोणत्या संस्थेत यंदा हा अभ्यासक्रम आहे, जागा किती आणि शुल्क किती, हे जाहिरातीवरून न ठरविता अशा महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन समजून घ्यावे.

दुसरी वाट आहे ती एखाद्या लॅबमध्ये हाताखाली राहून काम शिकण्याची. कित्येक उत्तम कारागीर याच वाटेने तयार झाले आहेत आणि त्यांच्या हाताला तोड नाही. परंतु नोंदणी नसलेल्या माणसाला पुढे रुग्णालयातील नोकरी, परदेशातील संधी किंवा स्वतःच्या लॅबची प्रतिष्ठा या तिन्ही ठिकाणी अडचण येते. ज्याला शक्य आहे त्याने रीतसर शिक्षण आधी घ्यावे आणि मग दोन-तीन वर्षे मुरलेल्या कारागिराच्या शेजारी बसावे. पदवीची चौकट आणि हाताचे वळण, दोन्ही हवे.

बनविणारा आणि बसविणारा यांमधील रेषा कायद्याने का आखली, याचे उत्तर परळमध्ये मिळते. तेथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे. तंबाखू, गुटखा आणि सुपारी यांमुळे तोंडाचा कर्करोग आपल्या देशात फार आढळतो. त्याची सुरुवात पुष्कळदा न दुखणाऱ्या एखाद्या पांढऱ्या किंवा लाल चट्ट्याने होते. कवळीसाठी आलेल्या माणसाच्या तोंडात असा चट्टा दंतवैद्याच्या नजरेस पडला तर वेळीच उपचार होतात. तोच माणूस स्वस्त आणि झटपट कवळीच्या मोहाने परस्पर एखाद्या कारागिराकडे किंवा पदपथावर दात बसविणाऱ्याकडे गेला, तर चट्ट्यावर कवळी बसते आणि आजार तिच्याखाली वाढत राहतो. हललेल्या दातांना ॲक्रिलिक चिकटवून दिलेली न निघणारी कवळी तर उरलेले दात आणि हिरड्याही नासवते. चांगल्या टेक्निशियनच्या दारात असे गिऱ्हाईक कधी ना कधी येतेच. ‘डॉक्टरांचे पैसे वाचवा, तुम्हीच माप घ्या’ असे ते म्हणते. रोख पैसे समोर असताना त्याला नम्रपणे दंतवैद्याकडे पाठविणे, ही या व्यवसायातील सचोटीची पहिली कसोटी.

या विद्येची उंचीही परळमध्येच दिसते. वरच्या जबड्याचा कर्करोग काढताना टाळूचा भाग काढावा लागला, तर तोंड आणि नाक यांमध्ये भगदाड पडते. प्यालेले पाणी नाकातून येते आणि बोललेले शब्द समजत नाहीत. अशा रुग्णासाठी ‘ऑब्च्युरेटर’ नावाची खास कवळी बनवितात. तिला दातांबरोबरच ते भगदाड बंद करणारा एक फुगीर भाग असतो, आणि वजन कमी राहावे म्हणून मोठा फुगवटा आतून पोकळ करतात. पहिली तात्पुरती पट्टी तर शस्त्रक्रियेच्या आधीच तयार ठेवतात, म्हणजे शुद्धीवर आलेल्या रुग्णाला घोटभर पाणी तोंडाने पिता येते. शल्यचिकित्सकाने जीव वाचविला. त्या जिवाला पुन्हा चारचौघांत बसून जेवण्याचे आणि बोलण्याचे बळ देण्यात दंतवैद्याबरोबर या अज्ञात कारागिराचाही वाटा आहे.

डॉक्टर आणि कारागीर यांच्या अशा भागीदारीचे एक उदाहरण आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. १९६८ साली जयपूर येथे अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि पारंपरिक शिल्पकार रामचंद्र शर्मा यांनी मिळून ‘जयपूर फूट’ घडविला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरजूंपर्यंत नेला, आणि या कार्यास आपल्या समाजाचा उदार हात लाभला. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या रामचंद्रजींच्या बोटांतील विद्येशिवाय डॉक्टरांचे ज्ञान चालू लागले नसते, आणि डॉक्टरांच्या शरीरशास्त्राशिवाय रामचंद्रजींचा पाय भार पेलू शकला नसता.

आता व्यवहाराची बाजू. नोकरीपासून आरंभ करून पुढे स्वतःची लॅब काढणे हा नेहमीचा क्रम. येथे आपल्या मुलांना घरचे बाळकडू उपयोगी पडते. लॅबचे गिऱ्हाईक म्हणजे दंतवैद्य. काम रोज जाते आणि पैसे बहुधा महिनाअखेरीस येतात. म्हणजेच हा उधारीचा धंदा आहे, आणि चोपडी चोख ठेवणाऱ्यालाच तो पेलतो. दुसरा मुद्दा परत आलेल्या कामाचा. कवळी बसली नाही तर दोष ठशात होता की घडाईत, यावर वाद होतो. प्रत्येक कामाची तारीख, छटा, वापरलेले साहित्य आणि दंतवैद्याची लेखी सूचना यांची नोंद असली तर वाद टळतो. तिसरा मुद्दा मालाच्या कसाचा. सोन्याचा कस जसा पावतीवर लिहितात, तसेच कॅप कोणत्या धातूची आहे हे लॅबने लिहून द्यावे. काही लोकांना निकेल सोसत नाही. मिश्रधातू लपविणे हे मापात पाप करण्यासारखेच आहे.

कष्ट आणि धोकेही लपवू नयेत. दिवसभर मान खाली घालून बसावे लागते. प्लास्टर आणि धातू घासताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, ओतकामाच्या साच्यातील वाळूची धूळ तर विशेष. ॲक्रिलिकच्या द्रवाचा वास डोक्यात जातो. मुखपट्टी, चष्मा आणि हवा बाहेर खेचणारा पंखा नसलेल्या लॅबमध्ये मुलाला किंवा मुलीला एक दिवसही बसवू नये. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला. या कामाला अंगबळापेक्षा स्थिर हात, रंगाची पारख आणि चिकाटी लागते, आणि रांगोळी, भरतकाम किंवा दागिन्यांचे नक्षीकाम करणाऱ्या हातांना ती असते.

आपल्या वाचकांच्या मनात येणारी एक शंकाही दूर करावी. पूर्वीच्या काळी युरोपात कवळ्या हस्तिदंताच्या किंवा पाणघोड्याच्या सुळ्यांच्या करीत. ती हिंसा आता संपली. आजची कवळी ॲक्रिलिकची असते. मात्र कारखान्यातील काही मेणांत मधमाश्यांचे मेण मिसळलेले असते, आणि ट्रेसाठी वापरले जाणारे शेलॅक म्हणजे किड्यापासून मिळणारी लाख होय. हे पदार्थ तयार कवळीत राहत नाहीत. ट्रेसाठी शेलॅकऐवजी ॲक्रिलिकचा पर्याय सर्रास वापरात आहे. मेणाबाबतही घटक विचारून खरेदी करता येते. या क्षेत्रात जाणाऱ्या आपल्या मुलांनी अशी चौकशी जरूर करावी.

शेवटी समाजाच्या विश्वस्त मंडळींना एक विनंती. दंतचिकित्सेची शिबिरे आपण उत्साहाने भरवितो आणि ते योग्यच आहे. परंतु वर सांगितलेल्या पायऱ्या पाहिल्या तर चांगली पूर्ण कवळी एका दिवसात होत नाही, हे कोणाच्याही लक्षात येईल. रुग्णाला चार-पाच वेळा यावे लागते, आणि बसविल्यानंतर टोचणारी जागा घासून घेण्यासाठी पुन्हा एकदा. म्हणून शिबिरात तपासणी करावी आणि निवडक गरजू वृद्धांचा संपूर्ण उपचाराचा खर्च उचलावा. शंभर घाईच्या कवळ्या वाटीतच पडून राहतात. नीट बसलेल्या वीस कवळ्यांनी वीस वृद्ध पोटभर जेवतात. त्याच निधीतून दरवर्षी एका होतकरू विद्यार्थ्याच्या दोन वर्षांच्या शिक्षणाचा भार उचलला, तर त्या मदतीचे फळ पुढील तीस-चाळीस वर्षे मिळत राहील.

पालकांनी निर्णय घेण्यापूर्वी एवढेच करावे. आपल्या नेहमीच्या दंतवैद्यांना विचारून मुलाला किंवा मुलीला एखाद्या चांगल्या लॅबमध्ये पूर्ण दिवस बसू द्यावे. संध्याकाळी घरी आल्यावर पगार किती मिळेल हे विचारण्याआधी, दात मांडताना वेळ कसा गेला हे विचारावे. उत्तर देताना मुलाचे डोळे चमकले, तर प्रवेश-अर्ज आणावयास दुसऱ्या दिवशी सकाळीच निघावे.